चिनी अक्षरे गोंदण्यापूर्वी



गोंदण पुन्हा आपल्या घराघरांत आले आहे. फक्त आता त्याला टॅटू म्हणतात, हातातल्या सुईच्या जागी मशीन आले आहे आणि गोंदणारीण बाई दारावर येण्याऐवजी मुलेच दुकानात जातात. दंडावर बाबासाहेबांची सही, मनगटावर ‘जयभीम’, पाठीवर अशोकचक्र हे आपण जयंतीच्या मिरवणुकीत पाहतोच. त्याबद्दल आज आम्हांला काही म्हणायचे नाही. आजचा विषय आहे तो तरुण मुलामुलींच्या हातावर आणि मानेवर दिसू लागलेल्या चिनी अक्षरांचा. विचारले की सांगतात, “याचा अर्थ शांती”, “याचा अर्थ शक्ती”, “हा बुद्धाचा मंत्र आहे”. कोणी सांगितले? तर दुकानदाराने. दुकानदाराला कोणी सांगितले, हे मात्र कोणी विचारलेले नसते.

आमच्या वयाच्या बहुतेकांनी आजीच्या हातावरची तुळस पाहिली आहे. कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके, हातावर तुळस, नाहीतर विंचू, नाहीतर फूल. १९५६ नंतर आपल्या लोकांनी देव्हाऱ्यातले देव पाण्यात सोडले, उपासतापास सोडले, नवस सोडले. आजीने बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि पाळल्याही. पण हातावरची तुळस काही तिला सोडता आली नाही. ती शेवटपर्यंत तिच्याबरोबर राहिली. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला चौघींनी धरून बसवले होते, तिला कोणी विचारले नव्हते. आजची मुले स्वतःच्या मर्जीने बसतात, वर पैसे मोजतात. मग आपल्या कातडीत काय लिहिले जात आहे, हे त्यांना कळायला नको का?

हा विषय निघाला तो वस्तीतल्या एका ताईंमुळे. त्यांचा मुलगा बारावी होऊन पोलीस दलाच्या भरतीची तयारी करतो, पहाटे मैदानावर धावतो. तो मोबाईलवर एक चित्र घेऊन फिरत होता. आठ चिनी अक्षरे, उभ्या ओळीत. इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याने २००८ साली हाँगकाँगमध्ये डाव्या कुशीवर गोंदवून घेतली तीच. दुकानदाराने सांगितले होते की हा धैर्याचा बौद्ध मंत्र आहे. ताई म्हणाल्या, “भाऊ, मला त्यातलं काही कळत नाही, पण याला जरा समजवा. एकदा कोरलं की गेलं.” मुलगा म्हणाला, “काका, बुद्धाचंच आहे ना, मग आईला काय अडचण?”

आम्हांला चिनी येत नाही. म्हणून आमच्या ओळखीच्या एका मुलीला ते चित्र दाखवले. ती पुण्यात चिनी शिकली आणि आता एका कंपनीत दुभाषाचे काम करते. मुलाला काय सांगितले गेले होते ते तिला मुद्दामच कळवले नाही. फक्त विचारले, हे काय लिहिले आहे?

अक्षरे बरोबर होती. एकही रेघ चुकलेली नव्हती. पण मंत्र बौद्ध नव्हता आणि धैर्याचा तर मुळीच नव्हता. जगणे-मरणे हे नशिबाने ठरते आणि संपत्ती व मानमरातब वरच्या आकाशाच्या हाती असतो, असा त्या आठ अक्षरांचा आशय आहे. हे वचन कन्फ्यूशियसच्या शिकवणीच्या ‘लुन यू’ या जुन्या ग्रंथातले आहे. म्हणजे ज्या घरातून नशीब, ललाटलेख आणि वरच्याची इच्छा यांना १९५६ साली हाकलून दिले, त्या घरातला मुलगा तेच दैव पैसे देऊन हातावर घेणार होता. तेही बुद्धाच्या नावाने!

भगवंतांच्या काळी मक्खली गोसाल नावाचा आचार्य असेच सांगत असे. सगळे आधीच ठरलेले आहे, माणसाच्या प्रयत्नाने काही घडत नाही. याला नियतिवाद म्हणतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात भगवंतांनी हे मत का नाकारले ते सांगितले आहे. ते खरे मानले तर माणूस नियतीचा गुलाम ठरतो आणि त्याला आपली सुटका करून घेता येत नाही. पहाटे चार वाजता उठून मैदानावर धावणाऱ्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. तो गप्पच झाला.

त्या मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली ती आम्हांला फार मोलाची वाटली. ग्रंथात हे वचन एका संवादात येते. एक गृहस्थ दुःखाने म्हणतो की सर्वांना भाऊ आहेत, मलाच नाही. त्यावर कन्फ्यूशियसचा शिष्य त्झ-श्या हे नशिबाचे ऐकीव वचन सांगतो खरे, पण तिथे थांबत नाही. पुढे तो म्हणतो की जो माणूस आदराने आणि नीतीने वागतो त्याला चारही समुद्रांच्या आतले सारे लोक भाऊच आहेत. पाहा, एकाच उत्तरात अर्धे दैव आहे आणि अर्धी बंधुता आहे. जगभर प्रसिद्ध झाले ते दैव. बंधुतेचा भाग गोंदवून घेतलेला आमच्या तरी पाहण्यात नाही.

मुलाला आम्ही विचारले, “बाळा, चिनीच का? मराठीत लिही, पालीत लिही.” त्याने दिलेले उत्तर वाचकांपुढे ठेवल्याशिवाय आम्हांला पुढे जाता येत नाही. त्याचा मोठा मावसभाऊ मनगटावर ‘जयभीम’ गोंदवून कामासाठी दुसऱ्या शहरात गेला. खोली बघायला गेला की बोलणे ठीक चालायचे, भाडे ठरायचे, मग मालकाची नजर मनगटावर जायची आणि खोली ‘कालच गेलेली’ असायची. असे तीन ठिकाणी झाले. मुलगा म्हणाला, “काका, चिनी कुणाला वाचता येत नाही. मला माहीत असेल की ते आपलं आहे, बाकीच्यांना फक्त डिझाईन दिसेल.”

यावर रागावण्यात काय अर्थ? त्याने कोणाला फसवले नाही. ज्या समाजात मनगट वाचून खोली नाकारतात, त्या समाजाची ती लाज आहे, या मुलाची नाही. पण आम्ही त्याला एवढेच म्हटले की जे मालकाला वाचता येत नाही ते तुलाही वाचता येत नाही, तेव्हा तुझ्या हातावर काय आहे हे तुला कायम दुसऱ्याकडूनच ऐकावे लागणार. शेकडो वर्षे आपल्या लोकांना शास्त्रात काय लिहिले आहे ते दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावे लागले आणि त्याचे परिणाम आपण भोगले.

आता थोडे या लिपीविषयी, कारण बरीच फसवणूक ती न समजल्यामुळे होते. चिनीत आपल्यासारखी बाराखडी नाही. एकेक अक्षर म्हणजे एकेक उच्चार आणि त्याबरोबर अर्थही. काही दुकानांत एक तक्ता टांगलेला असतो. इंग्रजी ए पासून झेड पर्यंत प्रत्येक अक्षरासमोर एक चिनी चिन्ह. त्यावरून तुमचे नाव लिहून देतात. तो तक्ता खोटा आहे. त्यातून चिनी माणसाला तुमचे नाव वाचता येत नाही, त्याला अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. परदेशात कित्येक लोक असा तक्ता अंगावर घेऊन फिरत आहेत.

दुसरे म्हणजे टिंबाची आणि रेघेची किंमत. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक एका वेलांटीचा, पण एक दिवस आणि एक गरीब. चिनीत ‘दा’ म्हणजे मोठा. त्याच्या उजव्या खांद्याशी एक टिंब दिले की अक्षर होते कुत्र्याचे. तेच टिंब खाली दिले की अर्थ होतो ‘फार’, ‘अति’. गोंदणाऱ्याला लिपी येत नसेल तर त्याच्या लेखी ते टिंब म्हणजे शाईचा एक ठिपका. शिवाय कागदावरचा छाप कातडीवर उलटा उमटवून आरशातल्यासारखी अक्षरे झाल्याचे प्रकारही होतात. आणखी एक गोष्ट. चीन सरकारने १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, बऱ्याच अक्षरांची सोपी रूपे जाहीर केली. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी रूपेच चालू राहिली. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच वाक्यात दोन्हींची खिचडी केली की जाणकाराला ती लगेच खटकते.

मोठ्या लोकांचीही फजिती होते. आरियाना ग्रांडे या अमेरिकन गायिकेने २०१९ साली आपल्या ‘सात अंगठ्या’ या अर्थाच्या गाण्याचे नाव तळहातावर जपानीत गोंदवून घेतले. जपानी लोक चिनी अक्षरे वापरतात, पण त्यांच्या जोडीने आपली वेगळी अक्षरेही वापरतात. तळहातावर फार दुखते म्हणून तिने मधली अक्षरे गाळली. उरलेल्या दोन अक्षरांचा जपानीत अर्थ होतो कोळशाची छोटी शेगडी. नंतर दुरुस्ती म्हणून एक अक्षर वाढवले, तरी शेगडी काही पुरती विझली नाही.

बेकहॅमचेच आणखी एक गोंदण आहे आणि ते आपल्या देवनागरीत आहे. २००० साली त्याने हातावर बायकोचे नाव ‘व्हिक्टोरिया’ असे लिहून घेतले. हिंदीत ‘विक्टोरिया’ लिहितात, त्यामुळे ‘व’ला जोडलेला ‘ह’ पाहून इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याची खूप टिंगल केली. आम्हां मराठी माणसांना मात्र त्यात काही चूक दिसत नाही. व्ही. टी. स्टेशनचे जुने नाव आपण असेच लिहीत आलो. तेव्हा चूक कोणती हे ठरवायलाही ती भाषा जाणणारा माणूस लागतो.

कोणी म्हणेल, आम्ही दैवाचे वचन घेणारच नाही, सरळ धम्मातला शब्द घेऊ. चांगले आहे, पण तिथेही विचारावे लागते. ‘अनिच्च’ म्हणजे अनित्य, याला चिनी बौद्ध ग्रंथांत ‘वूछांग’ म्हणतात. शब्द अगदी बरोबर. परंतु चिनी लोकसमजुतीत मेलेल्या माणसाला न्यायला येणाऱ्या काळ्या आणि गोऱ्या दूतांचे नावही वूछांगच आहे. म्हणजे तुम्हांला वाटेल आपण भगवंतांची शिकवण लिहिली आणि एखाद्या चिनी आजीला वाटेल, पोराने हातावर यमदूत का काढला? ‘शून्यता’ याला ‘खुंग’ म्हणतात. मोठे तत्त्व आहे, नागार्जुनाचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. पण तेच अक्षर चीनमध्ये टॅक्सी रिकामी आहे हे दाखवायलाही वापरतात. एकटे अक्षर हातावर असले की आगेमागे काही नसते, आणि वाचणाऱ्याने तत्त्व घ्यावे की टॅक्सी, हे कसे ठरवायचे?

हे काम किती जोखमीचे आहे ते चिनी बौद्धांना चांगले माहीत होते. आपण शाळेत ज्याला ह्युएनत्संग म्हणून शिकलो तो भिक्खू भारताच्या यात्रेसाठी सोळा-सतरा वर्षे हिंडला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. ६४५ साली तो ६५७ ग्रंथ घेऊन चीनच्या राजधानीत परतला. त्याला संस्कृत येत होते, चिनी तर त्याची मातृभाषाच. त्याने एकट्याने बसून भाषांतर केले असते तर कोण बोलणार होते? पण त्याने मंडळ नेमले. त्यात भाषा नीट करणारे वेगळे, अक्षरे तपासणारा वेगळा, मूळ संस्कृत ताडून पाहणारा वेगळा, आणि बारा भिक्खू असे होते की त्यांचे काम फक्त अर्थ बरोबर आला की नाही हे पाहणे. बारा माणसे, फक्त अर्थासाठी! आणि आपण दुकानदाराच्या एका शब्दावर हात पुढे करतो.

त्याच्या नावावर आणखी एक नियम सांगतात. पाच प्रकारच्या शब्दांचे भाषांतर करायचे नाही, ते उच्चाराप्रमाणे तसेच ठेवायचे. ‘भगवत’सारखा शब्द, कारण त्यात एकापेक्षा अधिक अर्थ आहेत. ‘जांभूळ’, कारण ते झाड चीनमध्ये नाही. ‘प्रज्ञा’, कारण भाषांतर केले की त्या शब्दाचे वजन कमी होते. आम्हांला हे वाचून वाटले की आपल्या मुलांना ‘प्रज्ञा’ हा शब्द चिनीत हवा आहे आणि चिनी पंडिताने मात्र तो आपल्याच उच्चारात जपून ठेवला होता.

बाबासाहेबांचे तरी काय? धम्म समजून घ्यायचा तर दुसऱ्याच्या इंग्रजी भाषांतरावर विसंबून न राहता त्यांनी पालीचा अभ्यास केला, पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करायला घेतला. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली छापला आहे. ज्यांच्या विहारात हे खंड आहेत त्यांनी तो एकदा काढून पाहावा. बहुतेक ठिकाणी कपाटाला कुलूप असते, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा कोणाला परक्या भाषेत काही लिहून घ्यायचेच असेल तर आमची सूचना अशी. ती भाषा शिकलेल्या दोन माणसांना दाखवा, आणि ती दोघे एकमेकांच्या ओळखीची नसावीत. “याचा अर्थ शांती आहे ना?” असे विचारू नका, माणूस भिडेखातर हो म्हणतो. “हे काय लिहिले आहे?” एवढेच विचारा. मग विचारा की हे कोणाचे वचन आहे, कुठे वापरतात, याचा आणखी काही अर्थ होतो का. मोबाईलवर भाषांतर मिळते, त्याचा उपयोग पहिली शंका घेण्यापुरता करा, शेवटचा निकाल त्याच्याकडून घेऊ नका. आणि सुई टेकण्यापूर्वी कातडीवर उमटवलेल्या छापाचा फोटो काढून त्याच माणसांना पाठवा. घाई करणारा दुकानदार असेल तर उठून या. लेसरने गोंदण काढता येते असे मुले सांगतात. येते, पण त्याला अनेक खेपा लागतात, दुखते, खर्च गोंदण्याच्या कितीतरी पट होतो आणि डाग राहू शकतो.

सुई नवी, बंद पाकिटातली, तुमच्यासमोर फोडलेली हवी. कावीळ ब आणि क तसेच एचआयव्ही दूषित सुईतून पसरतात, हे आरोग्यसेविका आपल्याला सांगतच असतात. रक्तपेढीच्या नियमाप्रमाणे गोंदल्यापासून १२ महिने रक्तदान करता येत नाही. जयंतीच्या आणि ६ डिसेंबरच्या शिबिरात नाव देणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

भरतीची गोष्ट तर अनेकांना ऐनवेळी कळते. केंद्रीय सशस्त्र दलांच्या जीडी कॉन्स्टेबल भरतीत गोंदणाला अटी आहेत. हाताच्या आतल्या बाजूला चालते, पण फक्त डाव्या, कारण उजव्या हाताने सलाम करायचा असतो. पंजाच्या पाठीवर चालते. आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी हवा. धर्मचिन्ह किंवा नाव यांना परवानगी आहे. आमचा मुलगा ती आठ अक्षरे उजव्या दंडापासून कोपरापर्यंत घेणार होता. मैदानात पास होऊन वैद्यकीय तपासणीत परत येण्याची पाळी आली असती. प्रत्येक भरतीची जाहिरात स्वतः शेवटपर्यंत वाचावी, मित्राने सांगितले यावर जाऊ नये.

श्रीलंकेच्या धम्मयात्रेला जाणाऱ्या उपासक-उपासिकांसाठीही एक सांगतो. तिथे बुद्धप्रतिमा अंगावर गोंदणे अनेकांना अनादर वाटते. २०१४ साली एका ब्रिटिश महिला पर्यटकाला दंडावरच्या बुद्धप्रतिमेमुळे अटक करून परत पाठवले होते. पुढे २०१७ साली तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई द्यायला लावली. न्याय मिळाला, पण तीन वर्षांनी. आपल्या माणसाने प्रवासात पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, हे बरे.

मुलाने गोंदण्याचा बेत वैद्यकीय तपासणी होईपर्यंत पुढे ढकलला आहे. आता त्याच्या मनात दुसरा शब्द आहे, ‘अत्तदीप’. चिनीत कसा लिहितात, असे त्याने विहारात विचारले आणि तिथे वेगळीच चर्चा सुरू झाली. पालीत ‘दीप’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, दिवा आणि बेट. भगवंतांनी अखेरच्या दिवसांत स्वतःलाच दीप करा असे सांगितले ते कोणत्या अर्थाने? आपण सगळे दिवा म्हणतो. जुन्या टीकाकारांनी बेट म्हटले आहे, पुरात पाय टेकायला मिळणारी जमीन. चिनी भाषांतरांतही एका ठिकाणी पेटता प्रकाश आहे आणि दुसऱ्या ठिकाणी बेट आहे.

आमच्या विहारातले वृद्ध उपासक दिवा सोडायला तयार नाहीत. बायका म्हणतात, २६ जुलै २००५ ला गळ्यापर्यंतच्या पाण्यात पोरांना डोक्यावर घेऊन ज्या उभ्या राहिल्या त्यांना विचारा, दिवा हवा होता की बेट. येत्या रविवारी वंदनेनंतर हा विषय पुन्हा निघणार आहे, पुण्याच्या त्या मुलीलाही बोलावले आहे. मुलगा वही घेऊन येतो म्हणाला आहे.